मधुमेही गर्भवतीचे ताट

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामपातळीवरील कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

गर्भवती स्त्रीच्या रक्तात साखर वाढली आहे असे आरोग्य केंद्रातून सांगण्यात आले की, घरात सामान्यतः दोन टोकांच्या गोष्टी घडतात. एक तर ‘आता हिला गोड नाही, भात नाही, फळ नाही, दूध नाही’ असा निषेधांचा सपाटा सुरू होतो आणि पोटात बाळ वाढत असलेली बाई चहा नि अर्ध्या भाकरीवर दिवस काढू लागते. नाही तर ‘दोन जिवांची आहे, तिला कसली आली साखर!’ असे म्हणून तपासणीचा कागद फळीवर ठेवला जातो आणि शिरा, लाडू पूर्ववत चालू राहतात. दोन्ही गोष्टी मायेपोटी घडतात, हे प्रथम मान्य केले पाहिजे. परंतु पहिलीमुळे बाळाची उपासमार होते आणि दुसरीमुळे त्याला गरजेपेक्षा अधिक साखर पोचते. या दोहोंमधील वाट औषधाच्या दुकानातून नव्हे, तर पुष्कळशी घरच्या चुलीपासूनच निघते. ती कशी, आणि ती वाट धरताना त्या स्त्रीखेरीज इतर कोणाकोणाचे सहकार्य लागते, याचा येथे विचार करावयाचा आहे.

साखर वाढते ती का?

गर्भाला अन्न मातेच्या रक्तातून, वारेमार्फत मिळते. ही वार केवळ अन्न पोचविणारी नळी नव्हे. ती स्वतः काही संप्रेरके निर्माण करते. त्यांच्या प्रभावाने मातेचे शरीर इन्शुलिनला पूर्वीइतकी दाद देईनासे होते. यात निसर्गाचा हेतू असा की, मातेने खाल्लेली साखर तिच्याच स्नायूंनी पटकन उचलून घेऊ नये, ती बाळासाठी रक्तात थोडा वेळ अधिक राहावी. निरोगी स्त्रीचे स्वादुपिंड अशा वेळी अधिक इन्शुलिन तयार करून तोल सांभाळते. ज्या स्त्रीला ते साधत नाही, तिच्या रक्तातील साखर वाढते. हा प्रकार बहुधा गर्भारपणाच्या उत्तरार्धात, म्हणजे सहाव्या महिन्याच्या सुमारास ठळक होतो. यालाच गर्भारपणातील मधुमेह म्हणतात. काही स्त्रियांना दिवस राहण्यापूर्वीपासूनच मधुमेह असतो. त्यांची गोष्ट अधिक काळजीची, कारण बाळाचे अवयव घडण्याचे काम पहिल्या दोन महिन्यांतच बरेचसे उरकलेले असते. अशा स्त्रीने दिवस राहण्याआधीच डॉक्टरांचा सल्ला घेणे व फॉलिक आम्लाच्या गोळ्या सुरू करणे इष्ट असते.

मातेच्या रक्तातील साखर वारेतून बाळाकडे सहज जाते, मातेचे इन्शुलिन मात्र जात नाही. साहजिकच वाढीव साखरेचा बंदोबस्त बाळाला स्वतःच्या इन्शुलिनने करावा लागतो. त्याचे चिमुकले स्वादुपिंड जास्तीचे काम करू लागते आणि त्या इन्शुलिनच्या बळावर बाळाच्या अंगी चरबी साठू लागते. ही उपपत्ती कोपनहेगन येथील डॉ. योर्गेन पेडरसन यांनी १९५० च्या दशकात मांडली आणि ती आजही मूलतः मान्य आहे. अशा बाळाचे खांदे व धड मोठे होते, प्रसूती अडते. जन्मानंतर नाळ कापली की साखरेचा पुरवठा एकाएकी थांबतो, परंतु बाळाच्या रक्तातील इन्शुलिन तसेच असते. त्यामुळे पहिल्या काही तासांतच त्याची साखर धोकादायक प्रमाणात खाली येऊ शकते. मातेलाही रक्तदाब वाढण्याचे भय असते. गावात ‘बाळ चांगले धरले आहे, पोट मोठे आहे’ असे कौतुक होते. ते कौतुक प्रत्येक वेळी खरे असतेच असे नाही.

‘थोडीशीच तर साखर आहे’ या समाधानातही फारसा अर्थ नाही. नऊ देशांतील पंधरा केंद्रांवर सुमारे २५,००० गर्भवतींची पाहणी करण्यात आली व तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. साखर जसजशी वाढते तसतसा धोका पायरीपायरीने वाढतो. अमुक आकड्याच्या अलीकडे सारे निर्भय व पलीकडे सारे भयंकर, अशी स्पष्ट सीमारेषा नाही, असे त्यातून दिसून आले. याचा उलट अर्थही ध्यानात घ्यावयास हवा: साखर थोडी जरी खाली आणली तरी तेवढा लाभ पदरी पडतो.

सडपातळ मातेची गोष्ट

मधुमेह हा बसून खाणाऱ्या लठ्ठ माणसांचा रोग, हा समज ग्रामीण भागात अजून दृढ आहे. शेतात राबणारी, अंगावर मांस नसलेली सून मधुमेही कशी असेल, असे घरच्यांना वाटते. या बाबतीत महाराष्ट्रातच झालेले एक संशोधन डोळ्यांत अंजन घालणारे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली पुण्यानजीकच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास हाती घेतला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम भरले, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळांचे सुमारे ३.५ किलोग्रॅम. वजनात एवढी तफावत असूनही, पुण्याकडील बाळांच्या अंगी स्नायू कमी होते, पण चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसावयास कृश, आतून मेदयुक्त अशी ही बाळे पुढे मधुमेहाकडे झुकण्याचा संभव अधिक असतो. आजची सडपातळ गर्भवती ही अशाच एका बाळाची मोठी झालेली मूर्ती असू शकते.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली आणि आहाराच्या दृष्टीने ती फार मोलाची आहे. ज्या माता पालेभाज्या, फळे व दूध वारंवार घेत होत्या, त्यांच्या बाळांची वाढ अधिक चांगली होती. केवळ पोटभर खाण्याशी, म्हणजे उष्मांकांच्या एकूण बेरजेशी, बाळाच्या वाढीचा तितका संबंध दिसला नाही. शिवाय सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळते. धान्यात व भाजीत ते नसते. दूध डेअरीला आणि घरात कोरा चहा, ही पद्धत अनेक गावांत आहे. तिची किंमत कोण चुकती करते, हे यावरून कळावे.

उपाशी ठेवणे हा उपचार नव्हे

इन्शुलिनचा शोध लागण्यापूर्वी मधुमेहावर उपाशी ठेवण्याखेरीज दुसरा इलाज वैद्यकाजवळ नव्हता. अमेरिकेतील डॉ. फ्रेडरिक ॲलन यांनी १९१० च्या दशकात रोग्यांना जेमतेम जिवंत राहण्यापुरते अन्न देण्याची पद्धत रूढ केली. माणसे मधुमेहाऐवजी उपासमारीने खंगत, एवढाच फरक. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे एका चौदा वर्षांच्या मुलाला प्रथम इन्शुलिन टोचण्यात आले आणि ते युग संपले. वैद्यकातून ते संपले खरे. घराघरांतून ते अजून गेलेले नाही. गर्भवतीला उपाशी ठेवले तर तिचे शरीर चरबी जाळू लागते, रक्तात कीटोन नावाचे पदार्थ वाढतात व ते बाळाला हितावह नसतात. मधुमेह असो वा नसो, गर्भारपणाच्या चौथ्या महिन्यापासून स्त्रीला नेहमीपेक्षा दररोज सुमारे ३५० उष्मांक अधिक लागतात. म्हणजे दुप्पट जेवण नव्हे. एक भाकरी, वाटीभर उसळ व कपभर दूध एवढीच ती वाढ आहे. स्त्री अतिस्थूल असेल तर डॉक्टर हे प्रमाण कमी करतील, परंतु तो निर्णय घरच्यांनी घ्यावयाचा नाही.

ताटात काय असावे?

रक्तातील साखर वाढविणारा मुख्य घटक म्हणजे पिष्टमय पदार्थ. भाकरी, पोळी, भात, पोहे, साबुदाणा, बटाटा हे सारे अखेर साखरेतच रूपांतरित होतात. प्रश्न असतो तो किती व किती वेगाने, एवढाच. धान्य जितके अखंड, कोंड्यासकट व जितके डाळ-भाजीच्या सोबतीने पोटात जाते, तितकी साखर सावकाश चढते. तेच धान्य बारीक दळून, चाळून, पातळ शिजवून एकटेच घेतले की ती झपाट्याने चढते. नाचणीची भाकरी उसळीबरोबर खाणे आणि नाचणीची गूळ घातलेली पेज पिणे या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे यावरून समजून येईल.

ज्वारी-बाजरीच्या भाकरीविषयी अलीकडे एक नवीच समजूत पसरली आहे. मधुमेह्याला भाकरी चालते, म्हणून ती हवी तितकी खावी, असे सर्रास सांगितले जाते. भाकरी चांगली हे निर्विवाद. पण मध्यम आकाराच्या एका भाकरीला सुमारे ५० ग्रॅम पीठ लागते व त्यात सुमारे ३५ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. चार भाकऱ्या एका बैठकीला चटणीबरोबर खाल्ल्या तर साखर वाढावयाचीच. दोन भाकऱ्या, वाटीभर मटकीची किंवा चवळीची उसळ, मेथी, चाकवत, शेपू, अंबाडी अशी कोणतीही पालेभाजी, काकडी-मुळ्याची कोशिंबीर आणि वाटीभर ताक हे मात्र कोणत्याही आहारतज्ज्ञाने मान डोलवावी असे जेवण आहे. त्यात विकत आणावयाचे असे काही नाही.

कोकणात व भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे भातच मुख्य अन्न. तेथील स्त्रीला ‘भात बंद’ असा हुकूम सोडणे म्हणजे तिला जेवूच नको असे सांगणे होय. भात राहू द्यावा. मात्र ताटातील भाताचा ढीग वाटीने मोजून घ्यावा, एका वेळी एक ते दीड वाटी शिजलेला भात पुरे, आणि उरलेली जागा कुळथाच्या उसळीने, वरणाने, भाजीने व माशाने भरावी. मासा हा कोकणच्या ताटाचा मोठाच गुण आहे. त्यात प्रथिने आहेत, ब-१२ आहे आणि साखर मुळीच नाही. विदर्भात भाताच्या जोडीला जवसाची चटणी असते, तीही उपयुक्तच.

साखरेचा मोठा वाटा पुष्कळदा ताटात नसून कपात असतो. दिवसातून चार वेळा चहा व प्रत्येक कपात दोन चमचे साखर असा हिशेब धरला तर सुमारे ४० ग्रॅम साखर केवळ चहातून पोटात जाते, आणि ती पातळ स्वरूपात असल्याने लगेच रक्तात उतरते. चहा दोनदाच व बिनसाखरेचा घेतला, त्यासोबतची बिस्किटे सोडली, तर एवढ्याने देखील फरक दिसू लागतो. लोहाच्या गोळीसोबत तर चहा घेऊच नये, कारण त्यामुळे लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळीही लोहाच्या गोळीबरोबर न घेता निराळ्या वेळी घ्यावी. गुळाविषयीचा गैरसमज असाच निरसन करण्यासारखा आहे. साखर वाईट व गूळ निर्दोष, असे मानून अनेक घरांत गुळाचा चहा सुरू होतो. गुळाचा मुख्य घटक तीच ऊसाची साखर आहे; रक्ताला त्या दोहोंतील भेद कळत नाही.

फळे वर्ज्य नाहीत. पेरू, संत्रे, पपनस, जांभूळ, एखादे लहान सफरचंद ही अख्खी खावीत, रस काढून पिऊ नयेत. उसाचा रस आणि बाटलीतील शीतपेये मात्र वर्ज्यच समजावी. आंब्याच्या दिवसांत आंबा खाऊच नको असे सांगून कोणी ऐकणार नाही. दोन फोडी जेवणातील अर्धी भाकरी कमी करून घ्याव्यात, आमरसाची वाटी मात्र दुरूनच पाहावी.

वेळेचे महत्त्व प्रमाणाइतकेच आहे. केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने या विषयाची जी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली, त्यांत तीन मुख्य जेवणे व मध्ये दोन-तीन वेळा थोडे खाणे असा क्रम सांगितला आहे. शेतकरी कुटुंबात तो असा बसविता येईल: सकाळी उठल्यावर फार वेळ न दवडता मुगाचे धिरडे किंवा दह्याबरोबर थालीपीठ, दहा-साडेदहाला बांधावर बसून मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे, एकच्या आत दुपारचे जेवण, चार वाजता एखादे फळ अथवा ताक व उकडलेले अंडे, रात्रीचे जेवण आठपर्यंत, आणि निजताना कपभर दूध, साखरेविना. निजतानाचे दूध ही चैन नव्हे. त्यामुळे रात्रभराचा उपास लांबत नाही. स्त्रीचे वजन, काम व महिना यांप्रमाणे हे प्रमाण कमी-अधिक होईल, म्हणून ते आरोग्य केंद्रात एकदा ठरवून घ्यावे.

जेवणानंतर थोडे चालावे असेही सांगितले जाते व ते योग्यच आहे, कारण स्नायू हलले की साखर खर्ची पडते. मात्र हा सल्ला माणूस पाहून द्यावा. मैलावरून डोक्यावर हंडे आणणाऱ्या बाईला ‘रोज अर्धा तास चालत जा’ असे सांगणाऱ्याची गावात चेष्टाच व्हावयाची. तिला विश्रांतीची गरज असते. चालण्याचा सल्ला दिवसभर शिवणयंत्रावर किंवा कचेरीत बसणाऱ्या स्त्रीसाठी आहे.

वाढणारा हात

आहाराचा तक्ता गर्भवतीच्या हाती दिला जातो. पण तिचे ताट अनेक घरांत ती स्वतः वाढून घेत नाही, आणि घेतली तरी सर्वांच्या नंतर. पुरुषांची व मुलांची पंगत उठल्यावर, सासूबाई जेवल्यावर, दुपारचे दोन-अडीच वाजता सून पानावर बसते. तोवर उसळ संपलेली असते, भाजीचा रस्सा तेवढा उरलेला असतो. भाकऱ्या मात्र असतात. सकाळी सहाच्या चहानंतर थेट अडीचला तीन भाकऱ्या व रस्सा, यापेक्षा रक्तातील साखरेला अपायकारक असे वेळापत्रक शोधून काढणे कठीण. तक्त्यात लिहिलेले सर्व काही त्या घरात शिजलेले असूनही तिच्या वाट्याला आलेले नसते. म्हणून हा सल्ला सुनेइतकाच सासूला, आणि सासूइतकाच नवऱ्याला समजावून सांगितला पाहिजे. तपासणीच्या दिवशी नवऱ्याला किंवा सासूबाईंना सोबत बोलावणे, एवढी साधी गोष्ट आरोग्यसेविकेने केली तरी निम्मे काम होते. सासूबाईंना दोष देऊन मात्र काही साधत नाही. गर्भवतीच्या पानात आधी उसळ वाढावयाची हा मान त्यांच्याकडे सोपविला तर बहुतेक जणी तो नेमाने पाळतात.

उपवासांचा प्रश्नही घरातील वडीलधाऱ्यांनीच सोडवावयाचा आहे. चतुर्थी, एकादशी, सोमवार, नवरात्र असे उपवास अनेक स्त्रिया गर्भारपणातही करतात. त्या दिवशी तासन् तास पोट रिकामे आणि मग साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. प्रथिने त्यात नावालाही नाहीत. गर्भवतीने उपवास केलाच पाहिजे असे कोणतेही शास्त्र सांगत नाही, हे घरातील जाणत्या माणसाने आपणहून बोलून दाखवावे. सून ते बोलू शकत नाही. तरीही मन मानत नसेल तर दूध, दही, शेंगदाणे, काकडी व राजगिऱ्याच्या पिठाचे थालीपीठ यांवर, वेळेवर खाऊन, तो दिवस निभावता येईल.

डोहाळजेवणासारखा समारंभ मोडण्याचे तर काहीच कारण नाही. हिरवी साडी नेसावी, ओटी भरावी, गाणी म्हणावी. पाच घरची पाच पक्वान्ने एका बैठकीत खाण्याचा आग्रह तेवढा टाळावा. जेवणाच्या शेवटी एखादा घास घेतला तर रीतही राहते.

आणखी एक गोष्ट उघडपणे बोलण्यासारखी आहे. नव्या सुनेला साखर निघाली की ‘माहेरहून रोग घेऊन आली’ असे बोल तिला ऐकावे लागतात, आणि त्या भीतीने कित्येक मुली तपासणीचा निकाल घरी सांगतच नाहीत. हा वारेच्या संप्रेरकांचा परिणाम आहे, कोणाच्या घराण्यावरील डाग नव्हे, आणि बहुसंख्य स्त्रियांची साखर प्रसूतीनंतर पूर्ववत होते. हे वाक्य सरपंचांनी वा गुरुजींनी चारचौघांत उच्चारले तर डॉक्टरांनी उच्चारण्यापेक्षा त्याचे वजन अधिक पडते.

तपासणी आणि माहेरची वाट

केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रत्येक गर्भवतीची साखरेची तपासणी पहिल्या भेटीतच व्हावयास हवी, आणि ती ठीक आल्यास २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा. तपासणी सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यावयास देतात व दोन तासांनी रक्त तपासतात. त्यासाठी उपाशीपोटी येण्याची अट नाही. लांबून पायी येणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. डेसिलिटरमागे १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक साखर आली तर गर्भारपणातील मधुमेह समजावयाचा. त्यानंतर दोन आठवडे केवळ आहार व हालचाल यांवर उपचार होतात. दोन आठवड्यांनी जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या खाली आली तर तोच आहार चालू ठेवावयाचा. न आल्यास आहाराच्या जोडीला औषध किंवा इन्शुलिन.

हे सारे कागदावर सुरळीत आहे. अडचण पंचांगात आहे. महाराष्ट्रातील रीतीप्रमाणे पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते. दुसऱ्या तपासणीचे आठवडे नेमके त्याच सुमाराचे. सासरच्या उपकेंद्रात ‘माहेरी गेली’ अशी नोंद होते आणि माहेरच्या उपकेंद्रात तिचे नाव अजून चढलेले नसते. ज्या महिन्यात साखर वाढते त्याच महिन्यात ती दोन्ही वह्यांतून निसटते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत तर हे अंतर गावांचे नसून जिल्ह्यांचे असते. यावर उपाय फार मोठा नाही. माता व बाल संरक्षण कार्ड बाईच्या पिशवीत तिच्यासोबत जावे, त्यावर साखरेचा आकडा व तपासणीचा आठवडा स्पष्ट लिहिलेला असावा, आणि आशा कार्यकर्तीने माहेरच्या गावच्या आशेला कळवावे. शक्य तेथे माहेरी जाण्यापूर्वी, चोविसावा आठवडा लागताच, तपासणी उरकून घ्यावी. पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानाखाली २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय आरोग्य संस्थांत गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते. माहेरी आलेल्या लेकीला त्या दिवशी तेथे नेता येते. आपल्या गावची नव्हे म्हणून तिला परत पाठविण्याचे कारण नाही. ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीत पंचायत सदस्यांनी एकच प्रश्न नेमाने विचारावा: ग्लुकोजच्या पुड्या व तपासणीच्या पट्ट्या शिल्लक आहेत काय? पट्ट्या संपल्या की तपासणीही थांबते, आणि वहीत त्याची नोंद होत नाही.

अंगणवाडीच्या आहारासंबंधीही थोडे तारतम्य हवे. आदिवासी भागात २०१५ साली सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत गर्भवतीला एक वेळचे चौरस जेवण मिळते. त्यात भाकरी किंवा पोळी, भात, डाळ व पालेभाजीबरोबर शेंगदाण्याचा लाडू आणि अंडे वा केळे असते. मधुमेह निघाला म्हणून कोणा स्त्रीला या जेवणापासून दूर ठेवणे हा तिच्यावर अन्याय होईल. ज्या पाड्यावर ताटच अर्धे रिकामे असते तेथे हे जेवण सोडणे परवडणारे नाही. लाडवाऐवजी तेवढेच भाजलेले शेंगदाणे, केळ्याऐवजी अंडे आणि भात मोजका, एवढा बदल सेविकेला सहज करता येतो.

इन्शुलिन आणि त्यानंतर

आहार पाळूनही साखर आटोक्यात आली नाही तर तो त्या स्त्रीचा अपराध नव्हे. वारेचा जोर अधिक आहे, एवढेच. इन्शुलिन वारेतून बाळाकडे जात नसल्यामुळे गर्भारपणात ते निर्धोक मानले जाते. एक दक्षता मात्र घरातील प्रत्येकाला ठाऊक असावी. इन्शुलिन टोचून घेतल्यावर जेवण चुकले किंवा लांबले तर साखर एकदम उतरते. दरदरून घाम, हातापायांना कंप, डोळ्यांपुढे अंधारी, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे होत. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या बाईला तीन चमचे ग्लुकोज पाण्यात घालून ताबडतोब द्यावे. ग्लुकोज नसेल तर सहा चमचे साखर पाण्यात घालून चालेल. तिला बसवावे, आणि पंधरा मिनिटांनी पोळी-भाजी किंवा दूध द्यावे. एरवी जी साखर वर्ज्य, तीच या घडीला औषध असते, आणि हे ठाऊक नसल्याने घरची माणसे साखर देण्यास कचरतात. शुद्ध हरपली असेल तर तोंडाने काही न देता दवाखाना गाठावा.

प्रसूती रुग्णालयातच व्हावी. बाळाला पहिल्या तासात अंगावर घ्यावे. मधाचे बोट, गुळाचे पाणी यांत वेळ दवडू नये, कारण या बाळाची साखर उतरण्याचा धोका अधिक असतो व आईचे दूध हाच त्यावरील पहिला उपाय आहे. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांत गूळ नावापुरता घालून खारीक, खोबरे व मेथी यांवर भर देता येतो, तोही दिवसाला एखादाच लाडू.

साखर पूर्ववत झाली तरी ज्या स्त्रीला गर्भारपणात मधुमेह झाला, तिला पुढील आयुष्यात कायमचा मधुमेह जडण्याचा संभव इतर स्त्रियांच्या मानाने सुमारे सातपट असतो. म्हणून प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी तिची पुन्हा तपासणी व्हावयाची असते, आणि नेमकी हीच तपासणी सर्वाधिक चुकते. बाळ सुखरूप जन्मले, आता आईची कसली तपासणी, असे सर्वांनाच वाटते. सव्वा महिना झाला की बाळंतीण घराबाहेर पडते, आणि त्याच सुमारास, सहाव्या आठवड्यात, बाळाला लसीसाठी उपकेंद्रात नेले जाते. बाळाचे कार्ड हाती घेणाऱ्या आरोग्यसेविकेने त्याच वेळी आईचे कार्डही मागून घ्यावे.